कोल्हापुरी स्वयंपाकघरात कमी कर्बोदकांचा आहार: महिन्याचा खर्च न वाढवता तो कसा बसवावा

माझ्या यजमानांच्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी भात, भाकरी, चपाती व गोड कमी करण्यास सांगितले, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात बदामाचे पीठ, चीज आणि परदेशी बियांची पाकिटे घरी आणली. दहा दिवसांत महिन्याच्या किराण्यातील जवळजवळ निम्मे पैसे संपले होते आणि बदामाच्या पिठाची भाकरी तव्यावरच मोडत होती. त्यानंतर मी वही घेतली, आमच्या शिवाजी पेठेतील घरात रोज काय शिजते आणि मंडईत काय मिळते ते लिहून काढले आणि त्यातूनच आहार बसवला. हा आहार महाग आहे अशी समजूत ज्यांची आहे, त्यांच्यासाठी तो क्रम येथे सविस्तर देत आहे. आपल्याकडे हा आहार महाग पडतो तो दुसऱ्यांच्या ताटाची नक्कल केल्यामुळे. तांबडा रस्सा, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, अंडी आणि ताक यांच्या ताटात भाकरीची संख्या कमी केली, तर खर्च फारसा वाढत नाही.

आरंभ करण्यापूर्वी

सर्वसाधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. 50 ग्रॅमच्या खाली गेले की तो कीटो आहार होतो. या लेखातील सर्व हिशेब 100 ते 130 ग्रॅमच्या टप्प्याचे आहेत. कीटो आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि साधा खिसा व एकत्र जेवणारे घर असेल तर तो टिकतही नाही.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एक भाकरीसुद्धा कमी करू नये. औषधाची मात्रा जुन्या जेवणावर ठरलेली असते, त्यामुळे जेवण बदलले आणि औषध तेच राहिले तर साखर एकदम खाली येऊ शकते. ती 70 च्या खाली गेली, हात थरथरू लागले किंवा दरदरून घाम फुटला, तर लगेच 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण कर्बोदके फार कमी केल्यास या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कधी कमी करावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

पहिला आठवडा: फक्त लिहावे

पहिल्या आठवड्यात जेवणात काहीही बदलू नये. एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येकाने किती भाकऱ्या खाल्ल्या, चहा किती वेळा झाला, त्यात साखर किती पडली, संध्याकाळी डब्यातून काय काढले आणि त्या दिवशी पैसे कशावर गेले, हे रोज रात्री लिहावे. याच आठवड्यात पिठाचे एकदा वजन करावे. आमच्या घरी ज्वारीच्या एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागते असे काट्यावर दिसले. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे एका भाकरीतून सुमारे 40 ग्रॅम पोटात जातात. 30 ग्रॅम कणकेच्या चपातीत ती सुमारे 20 ग्रॅम असतात आणि 50 ग्रॅम कच्च्या तांदळाच्या भातात सुमारे 39 ग्रॅम. दोन्ही वेळेला दोन भाकऱ्या आणि वर भात, असे साधे जेवण असले तरी केवळ धान्यातून 200 ग्रॅमच्या पुढे आकडा जातो.

येथे दोन समजुतींविषयी लिहिणे आवश्यक आहे. पहिली गुळाविषयी. आपल्या जिल्ह्याची ओळखच गुळाची आहे, त्यामुळे साखरेऐवजी गूळ चालतो असे घराघरांत सांगितले जाते. परंतु गूळ हाही जवळजवळ सगळा साखरच असतो आणि रक्तातील साखर तितक्याच वेगाने वाढवतो. काकवी आणि उसाचा रस यांचेही तेच. दुसरी समजूत नाचणीविषयी. राधानगरी, आजरा, चंदगड या भागांतील नाचणी उत्तम धान्य आहे, तिच्यात तंतू आणि कॅल्शियम भरपूर आहे. मात्र तिच्या 100 ग्रॅम पिठातही सुमारे 67 ग्रॅम कर्बोदके असतात. नाचणीची भाकरी खावी, पण ती मोजूनच.

दुसरा आठवडा: पैसे सोडवणारी काटछाट

बहुतेक लोक प्रथम भाकरी सोडतात. माझा आग्रह आहे की प्रथम साखर, बिस्किटे, टोस्ट, खारी, फरसाण आणि पाव सोडावेत. या पदार्थांत कर्बोदके खच्चून असतात, पोट भरत नाही आणि पैसा मात्र भाकरीपेक्षा कितीतरी जास्त जातो. दिवसाला 4 कप चहा आणि प्रत्येक कपात 2 चमचे साखर धरली, तर एका माणसाच्या पोटात रोज 35 ग्रॅमच्या आसपास साखर जाते, म्हणजे महिन्याला 1 किलो. चार माणसांच्या घरात हीच साखर 4 किलोच्या वर जाते. तिच्या जोडीला बिस्किटांचे पुडे आणि संध्याकाळचा शेव-चिवडा मिळवला, तर वहीत जी रक्कम दिसते ती पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. पुढच्या महिन्याच्या अंड्यांचा खर्च या रकमेतून निघतो.

चहातील साखर एका दिवसात बंद करण्यापेक्षा दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करावी. दूध थोडे जास्त आणि आले-वेलदोडा ठेचून घातला की दोन आठवड्यांत जिभेला सवय होते. गोडी आणणाऱ्या कृत्रिम गोळ्या मी आणल्या नाहीत, कारण त्यांनी गोडाची सवय तशीच राहते आणि खर्चही वाढतो.

तिसरा आठवडा: धान्य निम्मे, रस्सा-भाजी दुप्पट

या आठवड्यात दुपारी एक भाकरी आणि रात्री अर्धी भाकरी, एवढेच धान्य ठेवावे आणि भात आठवड्यातून एक-दोन वेळा मुठीएवढा घ्यावा. ज्या वेळी भात, त्या वेळी भाकरी नाही. ताटात भाकरीची जागा रिकामी दिसू नये यासाठी भाजी दुपटीने वाढावी, आणि हेच काम घरोघरी राहून जाते. भाकरी कमी केली पण भाजी पूर्वीसारखी एक पळीच वाढली, तर माणूस अर्धपोटी उठतो आणि रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडतो.

माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी यजमानांचे ताट पाहून विचारले होते, “अगं, एका भाकरीवर पोट भरतंय व्हय त्याचं?” मी त्यांच्यासमोरच ताटात मेथीची परतलेली भाजी दोन वाट्या वाढली, बाजूला दोन अंड्यांचा रस्सा, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि तांब्याभर ताक ठेवले. ते जेवून उठले तेव्हा अर्धी भाकरी ताटात उरली होती. सासूबाईंचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता आणि प्रत्येक घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने तो रोज स्वतःला विचारला पाहिजे, कारण भुकेवर उभा केलेला आहार महिनाभरही टिकत नाही.

घरात दोन स्वयंपाक करू नयेत. चूल एकच ठेवावी आणि फरक फक्त वाढण्यात करावा. ज्यांना वजन व साखर सांभाळायची नाही, त्या मुलांना आणि कष्टाची कामे करणाऱ्यांना त्याच रस्सा-भाजीसोबत हव्या तितक्या भाकऱ्या द्याव्यात. वेगळा डबा आणि वेगळी भाजी सुरू झाली की गॅस, वेळ आणि पैसा तिन्ही वाढतात.

खरेदीचे सूत्र: एका ग्रॅम प्रथिनाला किती पैसे

धान्य कमी केल्यावर पोट भरण्याची जबाबदारी मुख्यतः प्रथिनांवर येते. प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 65 किलो वजनाला सुमारे 54 ग्रॅम. ती कोठून स्वस्तात मिळतील हे पाहण्यासाठी किलोच्या दराकडे पाहून उपयोग नाही. एका किलोत प्रथिने किती ग्रॅम आहेत ते पाहावे आणि किमतीला त्या आकड्याने भागावे. खालील हिशेबात मी सोयीसाठी काही दर धरले आहेत. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून वाचकांनी आपल्या दुकानातील दर घालून हाच भागाकार करावा.

सोयाबीनच्या वड्या 130 रुपये किलो धरल्या, तर त्यांत सुमारे 520 ग्रॅम प्रथिने असल्याने एका ग्रॅमला 25 पैसे पडतात. 140 रुपये किलोच्या शेंगदाण्यात सुमारे 250 ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे 56 पैसे. 7 रुपयांच्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, म्हणजे 1 रुपया 17 पैसे. 220 रुपये किलोच्या चिकनमधून हाडे वजा जाता सुमारे 135 ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणून ते 1 रुपया 63 पैशांना पडते. 70 रुपये लिटरच्या म्हशीच्या दुधाचा हिशेब 1 रुपया 85 पैशांच्या आसपास जातो आणि 400 रुपये किलोच्या पनीरचा 2 रुपये 20 पैशांच्या आसपास. 900 रुपये किलोचे बदाम साडेचार रुपयांना आणि 800 रुपये किलोचे मटण 6 रुपयांच्या वर जाते.

या आकड्यांवरून आमच्या घरची खरेदी ठरते. सोयाबीन, शेंगदाणे आणि अंडी रोजच्या वापरात असतात. चिकन आठवड्यातून एकदा येते. मटण कोल्हापूरकराला सोडवत नाही हे मला मान्य आहे, परंतु दर रविवारी किलोभर आणण्याऐवजी महिन्यातून दोनदा अर्धा किलो आणावे आणि मधल्या रविवारी मुंडी, पाया किंवा वजडी आणावी, कारण ती मटणापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतात आणि मसाला तोच लागतो. आठवडी बाजारात कोकणातून येणारी सुकट आणि जवळाही प्रथिनांसाठी उत्तम आहेत. फक्त त्यांतील मीठ फार असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांच्या घरी ती दोन-तीन वेळा पाण्यातून काढून घ्यावीत किंवा टाळावीत.

डाळी आणि कडधान्यांविषयी गैरसमज नको. ती स्वस्त आहेत आणि प्रथिनेही देतात, पण त्यांत कर्बोदकेही आहेत. 30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत सुमारे 16 ग्रॅम कर्बोदके येतात. दिवसाला एक वाटी उसळ किंवा आमटी या हिशेबात बसते. पिठल्याचेही असेच आहे: 40 ग्रॅम बेसनात सुमारे 22 ग्रॅम कर्बोदके असल्याने पिठले-भाकरी म्हणजे धान्यावर धान्य होते. त्याऐवजी ढबू मिरची किंवा कांद्याची पात भरपूर घेऊन तीवर दोन चमचे बेसन भुरभुरावे. चव झुणक्याचीच लागते.

भाजी केव्हा आणि कोणती

कमी कर्बोदकांच्या भाज्या ओळखण्याचा सोपा नियम असा की पाने, फुले आणि जमिनीवर वाढणारी बहुतेक फळे चालतात, तर जमिनीखाली वाढणारे कंद मोजून खावेत. मेथी, पोकळा, चाकवत, शेपू, अंबाडी, माठ, कोबी, फ्लॉवर, दोडका, दुधी, पडवळ, कारले, वांगी, भेंडी, ढबू मिरची आणि काकडी यांना मोजमाप नको. बटाटा, रताळे आणि साबुदाणा यांना हवे. कांदा फोडणीपुरता आणि मसाल्यापुरता वापरण्यास हरकत नाही.

भाजी स्वस्त मिळवण्याची वेळ संध्याकाळची आहे. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत दिवेलागणीनंतर गेल्यास पालेभाजीच्या उरलेल्या जुड्या विक्रेत्या मावशी पुन्हा घरी नेण्यापेक्षा कमी दरात देतात. अशा जुड्या त्याच रात्री निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वापराव्यात. पावसाळ्यात डोंगराकडील गावांतून टाकळा आणि कुर्डूसारख्या रानभाज्या विक्रीस येतात. त्या थोड्याच दिवसांच्या पाहुण्या असतात, दिसतील तेव्हा घ्याव्यात. जी भाजी त्या आठवड्यात सर्वांत स्वस्त असेल तीच तीन दिवस वेगवेगळ्या रूपांत करावी. कोबी एक दिवस परतून, एक दिवस अंडी फोडून आणि एक दिवस दाण्याच्या कुटात कोशिंबीर म्हणून केला, तर कंटाळा येत नाही.

शेंगदाणे, सोयाबीन आणि पनीर जवळून

शेंगदाणे एकदम पाच किलो आणणे परवडते, परंतु ते निवडणे चुकवू नये. ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा हिरवट थर असलेले आणि चवीला कडू लागणारे दाणे काढून टाकावेत, कारण अशा दाण्यांत यकृताला घातक असे बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. उरलेले दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजावेत. साल बोटांनी चोळल्यावर सुटू लागले आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की आच बंद करावी. त्यातील निम्म्याचे भरड कूट करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि निम्मे संध्याकाळच्या भुकेसाठी तसेच ठेवावेत. मूठभर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम दाण्यांत 7 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके जेमतेम 5-6 ग्रॅम असतात. बदामाची उणीव मला त्यानंतर कधी भासली नाही. जवस आणि कारळे यांच्या चटण्याही याच पद्धतीने महिन्याच्या करून ठेवता येतात.

सोयाबीनच्या वड्या बेचव लागतात अशी तक्रार ऐकू येते, आणि त्याचे कारण बहुधा त्या नीट पिळल्या जात नाहीत हे असते. 30 ग्रॅम वड्या उकळत्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटे ठेवाव्यात, थंड पाण्यात काढून दोन्ही तळव्यांत दाबून पिळाव्यात, पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवून पुन्हा पिळाव्यात. पहिल्या पिळण्यातील पाणी पिवळसर आणि उग्र वासाचे असते. दुसऱ्या वेळी ते निवळ येते. मग वड्या मिक्सरमधून एकदाच फिरवून खिम्यासारख्या भरड कराव्यात आणि तेलात कांदा, आले-लसूण व घरची कांदा-लसूण चटणी परतून त्यात घालाव्यात. तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय पाणी घालू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे गोळी शोषली जाण्यात अडथळा येतो.

पनीर विकत आणण्यापेक्षा दूध उतरू लागल्याचा संशय आल्याबरोबर, म्हणजे वास बिघडण्यापूर्वी, त्यात लिंबू पिळून ते घरीच करावे. म्हशीच्या 1 लिटर दुधातून साधारण 200 ग्रॅम पनीर निघते. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध समोर काढून मिळते आणि ते पनीरला चांगले असते, मात्र ते उकळूनच वापरावे. कट्ट्यावर उभे राहून पेलाभर दूध पिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी 250 मिलीच्या पेल्यात साखर न घालताही सुमारे 12 ग्रॅम कर्बोदके असतात हे हिशेबात धरावे. ताक आणि घट्ट दही त्यापेक्षा सोयीचे पडते.

तेल आणि रस्सा

या आहारात तूप-लोणी कितीही चालते असे सांगणारे अनेक जण भेटतील. मी तसे करत नाही. तेल किंवा तुपाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, कर्बोदके किंवा प्रथिनांच्या ग्रॅममध्ये 4, आणि पैशांच्या दृष्टीने तेल ही किराण्यातील मोठी बाब आहे. माणशी दिवसाला 5-6 चहाचे चमचे तेल पुरेसे होते, कारण शेंगदाणे, अंडी, खोबरे आणि तीळ यांतून स्निग्ध पदार्थ येतच असतात.

रस्सा दाट करण्यासाठी काही घरांत डाळे वाटून घालतात किंवा ब्रेड कुस्करतात. त्याऐवजी भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि कांदा वाटावा. पांढरा रस्सा तर मुळातच या आहाराला योग्य आहे. अळणी पाण्यात, म्हणजे मसाला घालण्यापूर्वीच्या मटणाच्या पाण्यात, नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि थोडे काजू, यांत कर्बोदके कमीच असतात, मात्र खसखस व काजू महाग असल्याने मी ते सणापुरते ठेवते आणि एरवी केवळ तीळ आणि ओले खोबरे वापरते.

एका दिवसाचे ताट, आकड्यांसह

बिनसाखरेचा चहा दिवसात दोनदा, त्यात मिळून 100 मिली दूध. न्याहारीला कांदा-टोमॅटो घातलेली दोन अंड्यांची पोळी. दुपारी पूर्वीपेक्षा थोडी लहान, 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी, दाण्याचे कूट लावलेली दोन वाट्या पालेभाजी, एक वाटी मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि एक पेला ताक. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री 30 ग्रॅम सोयाबीनचा खिमा, फ्लॉवर किंवा कोबीची भाजी आणि अर्धी भाकरी. या दिवसाची कर्बोदके 125 ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने 65 ग्रॅमच्या आसपास भरतात. वर धरलेल्याच दरांनी, ज्वारी 50 रुपये किलो, मटकी 120 रुपये किलो आणि पालेभाजीची जुडी 15 रुपयांना धरून, गॅस वगळता एका माणसाचा खर्च 90 रुपयांच्या जवळ येतो.

अंडी न खाणाऱ्या घरात न्याहारीला 40 ग्रॅम मूगडाळ भिजवून त्याचे धिरडे करावे. त्यात सुमारे 21 ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणून त्या दिवशी मटकीची उसळ वगळून तिच्या जागी पनीर किंवा जास्तीचे दही घ्यावे. पोहे, उप्पीट आणि साबुदाण्याची खिचडी न्याहारीतून काढावी. पोह्यांत 100 ग्रॅममागे सुमारे 76 आणि साबुदाण्यात सुमारे 87 ग्रॅम कर्बोदके असतात.

उपवासाचे दिवस येथे अडचण करतात. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस धरणाऱ्या घरात साबुदाणा, वरी आणि बटाटा यांच्यावरच जेवण होते आणि साखर त्या नऊ दिवसांत हाताबाहेर जाते. आमच्याकडे आता शेंगदाण्याची आमटी वरीशिवाय पितात, सोबत दही-काकडी आणि पनीर असते. औषधे चालू असणाऱ्यांनी निरंकार उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मिसळ खायला गेल्यास शेव-फरसाण वेगळे ठेवण्यास सांगावे, कट आणि उसळ घ्यावी, वर दही मागावे आणि ब्रेडला हात लावू नये. दोन स्लाइसमध्येच 25 ग्रॅमच्या पुढे कर्बोदके असतात. लग्नाच्या पंगतीत मी वाद घालत नाही. एक पुरी आणि एक गोड घेऊन रात्रीची भाकरी वगळते.

पहिले पंधरा दिवस आणि त्यानंतर

सुरुवातीच्या आठवड्यात डोके जड होणे, थकवा वाटणे, पाय वळणे असे त्रास काहींना होतात. कर्बोदके कमी झाली की शरीरातून पाणी आणि मीठ जास्त प्रमाणात बाहेर पडते, हे त्यामागचे कारण आहे. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास नाही, त्यांनी दिवसातून दोनदा मीठ-जिऱ्याचे पातळ ताक किंवा वाटीभर अळणी पाणी घ्यावे. इतरांनी हा बदल डॉक्टरांना विचारून करावा. पोट साफ होत नसेल तर बहुधा पालेभाजी कमी पडते किंवा पाणी कमी पिले जाते. एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड ताकात घेऊन पाहावी. चार-पाच दिवसांत त्रास कमी झाला नाही, छातीत धडधडले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर आहार थांबवून तपासून घ्यावे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी आणि त्याच काट्यावर पाहावे. साखर मोजण्याचे यंत्र घरी असल्यास जेवणानंतर दोन तासांनी मोजावी आणि आकड्याच्या पुढे त्या वेळचे जेवण लिहावे, म्हणजे आपल्या शरीराला कोणता पदार्थ मानवत नाही हे कळते. पट्ट्या महाग असल्याने रोज मोजण्याची गरज नाही. नवीन पदार्थ खाल्ला त्या दिवशी मोजल्यास पुरे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए1सी, सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी आणि दोन्ही कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे. गोळ्या कमी करण्याचा निर्णय त्यांचाच असावा.

दोन-तीन महिन्यांनी वजन थांबले किंवा साखर पुन्हा वर सरकू लागली, तर नवा पदार्थ शोधण्यापूर्वी पिठाचा काटा पुन्हा बाहेर काढावा. आमच्या घरी चौथ्या महिन्यात तसे झाले होते आणि मला कारण सापडत नव्हते, म्हणून एका दुपारी भाकरी थापण्यापूर्वी मी गोळ्याचे वजन केले. भाकरी ताटात एकच होती, परंतु तिला लागणारे पीठ नकळत 50 ग्रॅमवरून 85 ग्रॅमपर्यंत गेले होते. आता पिठाच्या डब्यात 50 ग्रॅम पीठ बरोबर मावेल अशी एक लहान वाटी ठेवली आहे आणि यजमानांच्या भाकरीचे पीठ मी त्याच वाटीने काढते.